बंड्याचं हृदय नक्की किती मोठं? दोन इको, दोन आकडे

कृष्णाकाठ | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. कारण झोप लागत नाही.

आमचा बंड्या साडेदहा वर्षांचा स्पिट्झ. गावात सगळे पॉमेरियनच म्हणतात. फेब्रुवारीत रेबीजची लस द्यायला नेला, तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. डाव्या बाजूला मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, आहे म्हणाले, सहापैकी चौथ्या दर्जाची. एक्स-रे काढला. त्यात हृदयाचं माप मणक्यांच्या हिशोबात १०.९ आलं. मग म्हणाले, टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, त्याशिवाय खरं कळणार नाही.

आमच्याकडे कराडला ती सोय मिळाली नाही, म्हणून शहरात नेला. पहिला इको एप्रिलमध्ये. रिपोर्ट असा: डावं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) २.६ सेमी, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) १.५ सेमी, दोन्हींचं गुणोत्तर १.७३. डावा निलय (खालचा कप्पा) ३.५ सेमी, त्याचा निर्देशांक १.७८. खाली शेरा: हृदय मोठे झाले आहे, औषध सुरू करावे. किती मोठं, कशावरून, असं विचारलं तर 'मशीन सांगतं' एवढंच उत्तर मिळालं. जन्मभर द्यायची गोळी एवढ्यावर सुरू करायला मन धजेना.

सहा आठवड्यांनी दुसरीकडे नेला. तिथलं माप: अलिंद २.५, महाधमनी १.६, गुणोत्तर १.५६. निलय ३.५, निर्देशांक १.६६. शेरा: सध्या औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

आता काय करायचं? सहा आठवड्यांत हृदय लहान झालं का? तसं होतं का? बंड्या अजून खातो-पितो, रानात येतो, ट्रॅक्टर सुरू झाला की भुंकत पुढे धावतो. जिना चढताना मात्र मधल्या पायरीवर थांबतो. आधी थांबत नव्हता.

---

माऊ_आणि_मी | १२ जून, रात्री ११:१५

दादा, धीर धरा. आमच्या डॅशहुंडला नवव्या वर्षी मर्मर निघाली, त्यानंतर तो चांगला चार वर्षं जगला.

तज्ज्ञ मंडळी येईपर्यंत एक काम आजपासून करा. बंड्या गाढ झोपला की छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असलं तर ठीक. सलग दोन-तीनदा तीसच्या वर गेलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. धावून आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर मोजू नका, आकडा फसवतो. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहायचो. एका गुरुवारी २४ होतं, शनिवारी ३८. तो खोकायला लागायच्या आधी आम्ही दवाखान्यात पोचलो होतो.

---

खुराची_डॉक्टर | १३ जून, सकाळी ७:०५

कृष्णाकाठ, दोन्ही रिपोर्ट वाचले. मी नागपूरला शिकले आणि आता चौदा वर्षं लहान प्राण्यांचीच प्रॅक्टिस करते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण आठवड्याला चार-पाच इको करते. तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कुणी खोटं बोललंय असं मला वाटत नाही. आणि सहा आठवड्यांत हृदय आपोआप आटलं असंही नाही.

बंड्याला बहुधा मायट्रल झडपेचा, म्हणजे डावं अलिंद आणि डावा निलय यांच्यामधल्या झडपेचा, जुना विकार आहे. लहान जातींच्या वयस्क कुत्र्यांत तो सर्रास दिसतो. झडपेच्या पाकळ्या जाड आणि गाठाळ होतात, नीट मिटत नाहीत. तुम्ही शेतकरी आहात, विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळायला लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पंप चालतो, पण उचललेलं पाणी थोडं थोडं परत खाली जातं. इथे प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त डाव्या निलयातून परत डाव्या अलिंदात येतं. तेच रक्त पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली जातं. दोन्ही कप्प्यांवर जादा रक्ताचा भार पडतो आणि ते हळूहळू ताणून मोठे होतात. म्हणून आम्ही आकाराच्या मागे लागतो. झडप किती गळते याची सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे वर्षानुवर्षांच्या गळतीने कप्पे किती ताणले गेले.

आता आकडे. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली या आजाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मर्मर आहे पण हृदय फारसं वाढलेलं नाही ती पायरी बी-१. मर्मर आहे, हृदय नक्की वाढलंय, पण अजून धाप नाही ती बी-२. बी-१ला औषध नाही, सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी. बी-२ला पिमोबेंडान हे हृदयाचं औषध. बी-२ म्हणायला चार गोष्टी पाहतात: मर्मर किमान तिसऱ्या दर्जाची, अलिंद-महाधमनी गुणोत्तर १.६ किंवा वर, निलयाचा वजनाशी जुळवलेला निर्देशांक १.७ किंवा वर, आणि एक्स-रेमधलं मणक्यांचं माप १०.५च्या वर.

हे उंबरठे आले एपिक नावाच्या अभ्यासातून. २०१६ साली तो छापून आला. ३६० कुत्री होती, निम्म्यांना पिमोबेंडान, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. हृदय निकामी होण्यापर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषधवाल्यांत १२२८ दिवस आणि दुसऱ्या गटात ७६६ दिवस आला. म्हणजे सुमारे सव्वा वर्ष जास्त. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. पण ही सगळी कुत्री बी-२ होती. हृदय वाढलेलं नसताना गोळी दिली तर तोच फायदा मिळतो असं त्यातून निघत नाही. म्हणून बी-१ की बी-२ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो मिलिमीटरवर येऊन थांबतो.

माप कसं घेतात ते सांगते, म्हणजे घोटाळा कुठे होतो ते कळेल. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवतात. टेबलाला भोक असतं, त्यातून खालून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारं उपकरण) लावायचा. हृदय छातीच्या भिंतीवर टेकतं आणि फुप्फुसातली हवा मध्ये येत नाही. प्रोब फिरवून महाधमनीची झडप आडवी कापली जाईल अशी पातळी गाठायची. चित्र नीट जमलं की मधोमध एक गोल आणि त्यात तीन पाकळ्या दिसतात, अगदी बेलाच्या पानासारख्या. त्याच्या शेजारी खाली डावं अलिंद. झडप मिटल्यावरचं पहिलंच चित्र थांबवायचं. त्या क्षणी अलिंद सर्वांत भरलेलं असतं. बेलपानातल्या एका सांध्याच्या रेषेवर महाधमनी मोजायची, दुसऱ्या सांध्याची रेषा पुढे लांबवून तिच्यावर अलिंद मोजायचं. महाधमनी आजाराने फारशी बदलत नाही, म्हणून ती त्या कुत्र्याच्या घरचीच फूटपट्टी. चिवावा असो की लॅब्रॅडॉर, गुणोत्तर वापरता येतं.

निलय मात्र दुसऱ्या पातळीवर आणि दुसऱ्या क्षणी मोजतात, तो पूर्ण भरलेला असताना. ईसीजीच्या क्लिपा लावलेल्या असल्या तर तो क्षण नेमका धरता येतो. नुसत्या डोळ्यांनी धरला तर एखादं चित्र मागे-पुढे होतं.

तुमच्याकडे दोन्ही वेळची थांबवलेली चित्रं आहेत का? असतील तर इथे टाका. आकड्यांपेक्षा मला ती पाहायची आहेत.

---

वाटसरू_७७ | १३ जून, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली. माणसांच्या इकोबद्दलही इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

---

गुणोत्तर | १३ जून, दुपारी ३:२०

मी निवृत्त गणित शिक्षक. घरी कुत्रं नाही, नातीकडे आहे. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, मिलिमीटरची. अलिंद २.६ आणि महाधमनी १.५ म्हणजे १.७३. अलिंद २.५ आणि महाधमनी १.६ म्हणजे १.५६. दोन्ही मापांत फरक फक्त एक-एक मिलिमीटरचा, पण उलट दिशांना. भागाकारात वरचा आकडा घटला आणि खालचा वाढला की दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या फरकाने बंड्या १.६च्या या बाजूचा त्या बाजूला गेला. यात यंत्राचा दोष फार नसावा. मऊ उतींत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची तरंगलांबी त्यावरून ०.३ मिलिमीटर येते. म्हणजे ध्वनीच्या वाटेत समोर आडवी आलेली भिंत यंत्राला मिलिमीटरच्या आत दिसते. रेघ कुठून कुठवर ओढायची ते हात ठरवतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. निलय दोन्ही वेळा ३.५ सेमी. मग निर्देशांक एकदा १.७८ आणि एकदा १.६६ कसा? शोधलं तर सूत्र असं आहे: निलयाचा व्यास सेंटिमीटरमध्ये, भागिले किलोतल्या वजनाचा ०.२९४ वा घात. व्यास तोच राहिला तर बदललं ते वजनच असणार. म्हणून उलट गणित केलं. १.७८ यायला वजन १० किलो हवं. १.६६ यायला १२.६ किलो.

कृष्णाकाठ, दोन्ही रिपोर्टांत वजनाचा रकाना बघा. आणि सांगा, सहा आठवड्यांत बंड्याचं वजन अडीच किलोने वाढलं का?

---

कृष्णाकाठ | १३ जून, रात्री ९:१०

सर, तुम्हाला दंडवत. आत्ता फाइल काढून पाहिली. पहिल्या रिपोर्टावर १० किलो, दुसऱ्यावर १२.६ किलो.

पहिल्या ठिकाणी बंड्याला काट्यावर चढवलंच नव्हतं. पावती फाडताना खिडकीवर विचारलं, 'वजन किती?' आमच्या मंडळींनी जुन्या लसीच्या कार्डावर होतं ते सांगितलं. ते कार्ड तीन वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या ठिकाणी काट्यावर उभा केला होता. म्हणजे पहिला रिपोर्टच चुकीचा म्हणायचा का?

चित्रं मोबाइलवर होती, खाली टाकली आहेत.

---

खुराची_डॉक्टर | १४ जून, सकाळी ६:५०

गुणोत्तर सर, हा धागा आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा असं वाटतंय.

कृष्णाकाठ, थांबा, पहिला रिपोर्ट इतक्यात बाद करू नका. बंड्या तीन वर्षांपूर्वी १० किलोचा होता तेव्हा कसा दिसायचा? वरून पाहिलं की कंबर दिसायची का, बरगड्या हाताला लागायच्या का? आता लागतात का?

विचारायचं कारण असं. हे सूत्र २००४ साली शेकडो निरोगी कुत्र्यांच्या मापांवरून बसवलं. वजन वाढतं तसं हृदय एका ठरावीक प्रमाणात मोठं असतं, हा त्याचा पाया. हे सुदृढ देहाच्या वजनाला लागू पडतं. अडीच किलो चरबी चढली म्हणून निलय त्या हिशोबात मोठा होत नाही. मग भागाकारात खाली फुगलेलं वजन घातलं की निर्देशांक खोटाच लहान दिसतो आणि वाढलेलं हृदय त्याआड लपतं. उलट आजारपणाने रोडावलेल्या कुत्र्याचं घटलेलं वजन घातलं तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं भासतं. एपिकमध्ये काट्यावरचं वजनच वापरलं होतं, त्यामुळे ते लिहायलाच हवं. पण लठ्ठ कुत्र्यात मी शेजारी आदर्श वजनाचा आकडाही काढते आणि दोन्ही मालकांना दाखवते. खिडकीवर विचारून लिहिलेलं वजन ही चूकच आहे. तुमच्या बाबतीत ती चूक योगायोगाने खऱ्याच्या जवळ गेली असावी.

आता चित्रं. मोबाइलवरची आहेत, म्हणून हे माझं मत एवढंच धरा.

दुसऱ्या ठिकाणचं चित्र: महाधमनी गोल नाही, लंबगोल दिसतेय. बेलाच्या तिन्ही पाकळ्या एकदम दिसत नाहीत, दोनच दिसतात. म्हणजे काप तिरपा गेला. काकडी तिरपी चिरली की चकती लांबट होते, तसं. तिथे १.६ आलं ते खऱ्यापेक्षा जास्त असणार.

पहिल्या ठिकाणचं चित्र: महाधमनी छान गोल आहे. पण अलिंदाची रेघ जिथे संपवली तिथे फुप्फुसाकडून येणारी शीर अलिंदात उघडते. भिंत तिथे नाहीच, म्हणून रेघ शिरेच्या तोंडात थोडी आत गेली. २.६ हे थोडं जास्त वाटतं.

म्हणजे एकाने फूटपट्टी लांब केली, दुसऱ्याने कापड. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि १.६च्या इतक्या जवळ आहे की तिसऱ्यांदा मोजणं भाग आहे. जिथे ईसीजी लावून मोजतात आणि किमान तीन ठोक्यांची सरासरी घेतात तिथे जा. आधी फोन करून हे दोन प्रश्न विचारा. विचारलेलं कुणाला आवडलं नाही तर दुसरी जागा शोधा. मुंबई-पुण्यात आता पर्याय आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून आहे.

वजन उतरवायला आजच लागा. आणि गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

---

माणदेशी | १४ जून, दुपारी १:००

इथे एक विचारतो. मी सांगोल्याचा. आमच्याकडे कारवानी कुत्री आहेत, तीन पिढ्यांपासून. मागच्या वर्षी कुत्रीच्या पायाच्या ऑपरेशनआधी एक्स-रे काढला, तर तिथले डॉक्टर हृदय मोठं आहे म्हणाले आणि ऑपरेशनच पुढे ढकललं. कुत्री माळावर सशामागे वाऱ्यासारखी पळते. मर्मर नाही, धाप नाही. मग मोठं कसं?

---

खुराची_डॉक्टर | १४ जून, रात्री ८:३०

माणदेशी, फार चांगला मुद्दा. एक्स-रेवरचं मणक्यांचं माप १९९५ साली रुळलं. हृदयाची लांबी आणि रुंदी कंपासात धरायची, छातीच्या चौथ्या मणक्यापासून मागे लावायची आणि किती मणके भरले ते मोजून बेरीज करायची. सर्वसाधारण ९.७, आणि १०.५पर्यंत ठीक. पण हे सरसकट सगळ्या जातींना लावू नये. ग्रेहाउंड, व्हिपेट या पळणाऱ्या जातींचं निरोगी हृदय मुळातच मोठं असतं, एक्स-रेवरही आणि इकोवरही. कारवानी आणि मुधोळ त्याच बांध्याची कुत्री आहेत. त्यांना स्पिट्झच्या तक्त्यात बसवून आजारी ठरवणं मला पटत नाही. अशा वेळी इको करून झडपा गळतात का आणि निलय जोरात आकुंचन पावतो का, हे पाहावं. आणि तरणी, निरोगी असतानाच एकदा माप घेऊन ठेवावं. पुढे तुलना तिची तिच्याशीच करता येते.

---

डोबरवाली | १५ जून, सकाळी ११:४५

माझा अनुभव याच्या उलटा आहे, म्हणून लिहितेय.

आमचा डोबरमन पाच वर्षांचा असताना इको केला. निलयाचं माप जातीच्या मर्यादेत, आकुंचन उत्तम. घरी पेढे वाटायचे बाकी होते. पण डॉक्टर म्हणाले, डोबरमनमध्ये नुसत्या आकारावर जाऊ नका, होल्टर लावा. होल्टर म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी, छातीला पट्ट्या आणि पाठीवर डबी. त्याने पट्ट्या ओरबाडू नयेत म्हणून मुलाचा जुना शाळेचा बनियन घातला आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळलं. दिवसभर बिचारा त्या बनियनमध्ये अंगणात ताठ उभा होता, बसायलाच तयार नाही.

चोवीस तासांत अवेळी पडलेले ठोके तीनशेच्या वर निघाले. या जातीत तेवढं आजाराची सुरुवात मानायला पुरेसं आहे. इथे झडप गळत नाही, हृदयाचा स्नायूच पातळ आणि दुबळा होत जातो. ठोके आधी बिघडू शकतात, आकार नंतर वाढतो. मोठ्या जाती पाळणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवा, डोबरमनला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी इको आणि होल्टर दोन्ही करतात. आम्हाला ते पाचव्या वर्षी कळलं. तो साडेसात वर्षांचा होऊन गेला. त्या अडीच वर्षांसाठी मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे.

---

मालमोकर | १५ जून, रात्री १०:२०

मी स्वीडनला माल्मोत राहतो. धागा वाचून गावची एक गोष्ट सांगावीशी वाटली.

इथून वीसेक किलोमीटरवर लुंड आहे. तिथल्या इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञांना माणसांची मायट्रल झडप छाती न उघडता पाहायची होती, कारण शस्त्रक्रियेआधी झडप आकसली आहे की गळतेय हे कळायला हवं होतं. हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आले. माल्मोच्या कोकुम्स जहाज कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र होतं. ते हर्ट्झनी उसनं आणून पाहिलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी धडधडत्या हृदयाच्या हलत्या प्रतिध्वनींची पहिली नोंद घेतली. आज इको म्हणतो त्याची ती सुरुवात. म्हणजे ज्या झडपेसाठी बंड्या टेबलावर निजतोय, त्याच झडपेसाठी हे तंत्र जन्माला आलं.

अलिंद-महाधमनी गुणोत्तर मोजायची डॉक्टरांनी सांगितलेली ती रीत, झडप मिटल्यावरचं पहिलं चित्र धरायची, इथे स्वीडिश पद्धत म्हणूनच ओळखली जाते. रिपोर्टवर पद्धत लिहिली आहे का तेही बघा. पद्धत बदलली की आकडा बदलतो.

---

चिखलदरा | १७ जून, संध्याकाळी ६:१५

आमच्या तालुक्यात इको नाहीच. दीडशे किलोमीटर जावं लागतं आणि बारा वर्षांची म्हातारी कुत्री एवढा प्रवास सोसणार नाही. एक्स-रे मात्र होतो. आमच्यासारख्यांनी काय करायचं? मर्मर पाचव्या दर्जाची सांगितली आहे.

---

खुराची_डॉक्टर | १७ जून, रात्री ९:४०

चिखलदरा, त्याच मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तुमच्यासाठीही वाट आहे. इको शक्य नसेल तर एक्स-रेवरचं माप साडेअकरा किंवा त्याहून जास्त हवं, किंवा काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन एक्स-रेंत हृदय झपाट्याने वाढताना दिसायला हवं. मग इको न करताही बी-२ धरून औषधाचा विचार करता येतो. बंड्याच्या १०.९वर मी तसं केलं नसतं. एक्स-रे उजव्या कुशीवर, श्वास पूर्ण आत घेतलेला असताना काढायला सांगा आणि पुढच्या वेळी त्याच कुशीवर. तो एक्स-रे मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सुटी बघून मणके मोजून कळवते. तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायलाही माझी तयारी आहे.

---

कृष्णाकाठ | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

मंडळी, उशिरा येतोय. पावसाने शेतीची कामं अंगावर आली होती.

परवा पुण्याला जाऊन आलो. आधी फोनवर दोन्ही प्रश्न विचारले. पलीकडच्या ताई म्हणाल्या, 'हो, ईसीजी लावतो, आणि किती ठोके हवेत तेवढे मोजतो.' तेव्हाच निम्मा जीव भांड्यात पडला.

आत गेल्यावर पहिलं काम, काटा. ११.८ किलो. दूध, चपातीचे तुकडे आणि शेजारच्या घरची बिस्किटं बंद करून सात आठवड्यांत आठशे ग्रॅम उतरलंय. ती बिस्किटं बंद करायला भांडावं लागलं. मग उजव्या कोपराच्या मागचा तळहाताएवढा केसांचा चौकोन काढला. गुलाबी कातडी उघडी पडल्यावर बंड्या एकदम लहान पिल्लासारखा दिसायला लागला. पायांना चिमटे लावले, त्यावर स्पिरिट टाकलं. मंडळींनी डोकं धरलं, मी मागचे पाय धरले. खालून जेल लावलेला प्रोब टेकला तेव्हा एकदा दचकला, मग माझ्या मनगटावर हनुवटी टेकून पडून राहिला. भूल दिली नाही.

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. बेलाचं पान मला लगेच ओळखता आलं. तीन पाकळ्या, उघड-मीट, उघड-मीट. 'हे गोल आहे ना?' असं मी विचारल्यावर ते हसून म्हणाले, कुठे वाचून आलात? मी या धाग्याचं सांगितलं. रेघ शिरेच्या तोंडाशी आली तेव्हा त्यांनी स्वतःच थांबून दाखवलं की भिंतीची कड इथे धरायची. रंगाच्या चित्रात गळतीही दाखवली. निळ्या रंगात हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा झोत उलटा वर उसळत होता. ते पाहून मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीन ठोक्यांची सरासरी: गुणोत्तर १.६५. निलय ३.५ सेमी. काट्यावरच्या वजनाने निर्देशांक १.६९, दहा किलो धरून १.७८. दोन्ही आकडे त्यांनी न विचारता लिहून दिले आणि कुठला का धरायचा ते समजावलं. म्हणाले, मर्मर चौथ्या दर्जाची, एक्स-रे १०.९, अलिंद वाढलेलं, आणि निलयाचा आकडा चरबीमुळे रेषेखाली एका शतांशाने दिसतोय. ते बी-२ धरतात. पिमोबेंडान अडीच मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी तासभर उपाशीपोटी. काल सकाळपासून सुरू केलं. पुढची तपासणी जानेवारीत, त्यांच्याच हातून.

गुणोत्तर सर, १.६९ तुम्ही ताडून बघालच.

माऊताई, कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय. काल रात्री २२, आज दुपारी झोपेत २०.

---

गुणोत्तर | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताडून पाहिलं. बरोबर आहे, १.६९४. तिन्ही रिपोर्टांवर त्या-त्या दिवशीचं वजन लाल शाईने लिहून ठेवा, पहिल्यावर 'विचारून लिहिलेले' असं कंसात. जानेवारीत लागेल.

---

कृष्णाकाठ | २ ऑगस्ट, रात्री १०:४५

लिहिलं सर. आत्ताच.